मानेचे चार मणके

विद्यापीठात त्यांना सगळे मणकेसर म्हणत. तोंडावर म्हणत नसत, एवढंच. सरांना अर्थातच ठाऊक होतं, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. मगरी, सरडे आणि कासवं यांची दगड झालेली हाडं सोडून ज्याने आयुष्यात दुसरीकडे फारसं पाहिलंच नाही, त्याला याहून बरं नाव कोण ठेवणार?

तेहेतीस वर्षं त्यांनी शिकवलं. वर्षाच्या पहिल्या तासाला ते टेबलावर एक हाड ठेवत आणि सांगत की आधी वय विचारा, मग नाव. मगरीचं पिल्लू म्हणजे मोठ्या मगरीची छोटी प्रत नव्हे. त्याचे डोळे मोठे, तोंड आखूड, डोक्याचा घाटच वेगळा. अशा पिल्लांना वेगळे प्राणी समजून त्यांची बारशी उरकणाऱ्या भल्याभल्या विद्वानांना सर भर वर्गात नावानिशी भादरत. मुलं पोट धरून हसत आणि सरांनाही चेव येई.

स्वतः सरांनी एकाच प्राण्याचं बारसं केलं होतं. नदीकाठच्या तांबड्या दगडात त्यांना कवटीचा मागचा भाग, एक पाय आणि मानेचे चार मणके सापडले होते. त्या दगडांत एक मोठी मगर आधीपासून माहीत होती. सरांनी मांडलं की ही तिच्याहून निराळी आहे, हिची वाढ पुरी झालेली आहे आणि तरीही ही जेमतेम दोन हात लांब आहे. या ठेंगण्या मगरीला त्यांनी आपल्या थोरल्या भावाचं नाव दिलं, मागे लॅटिनची शेपटी जोडून. वडील गेले तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता आणि सर नऊ वर्षांचे. दादाने शाळा सोडून सुताराचा रंधा हातात घेतला, म्हणून धाकट्याच्या हातातलं पुस्तक सुटलं नाही. याची भरपाई कशाने होणार? सरांना जे देता येत होतं ते त्यांनी दिलं.

दादाने त्या निबंधाचं पहिलं पान चौकटीत घालून दुकानात लावलं. कपाटाचं माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला माप राहिलं बाजूला, आधी मगर ऐकावी लागे. राजांची नावं गावांना देतात, माझं मगरीला दिलंय, असं दादा म्हणे. गावं बुडतात, मगर बुडत नाही.

तर त्या मगरीचे मणके सव्वीस वर्षांनी एका मुलीच्या हाती लागले. ती सरांकडेच डॉक्टरेट करत होती. अंगाने काडी आणि नजरेने सुई, म्हणून सर तिला टाचणी म्हणत. जुन्या नमुन्यांवरचं पिवळं पडलेलं व्हार्निश काढायचं काम तिने अंगावर घेतलं होतं. सरांनी त्या मणक्यांच्या पेटीला हात लावू नकोस म्हणून दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला त्यांना सबब सापडली नाही.

एका सकाळी टाचणी त्यांच्या खोलीत आली, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "सर, या फटी तुम्हीच भरल्या होत्या का?"

सर तिच्यामागून प्रयोगशाळेत गेले आणि त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. ॲसिटोनचा बोळा फिरवल्यावर व्हार्निशखालून तपकिरी लांबी सुटून आली होती. लाकडाच्या भेगा बुजवायला सुतार वापरतात तीच. लांबीखाली एक बारीक, नागमोडी रेघ होती. मणक्याच्या गोल गड्डीवर वरची कमान जिथे टेकते, नेमकी तिथे. दुसऱ्या मणक्यालाही तिथेच, तिसऱ्यालाही, चौथ्यालाही. मगरीच्या पिल्लात हे दोन तुकडे वेगवेगळे असतात. वाढत्या वयाबरोबर ते एकजीव होत जातात, सुरुवात शेपटीकडून आणि शेवट मानेशी. मानेतली रेघ बुजली की वाढ पुरी झाली समजायचं. इथे ती चारही मणक्यांत उघडी होती. सरांची ठेंगणी मगर मुळी ठेंगणी नव्हतीच. कवटीचा निराळेपणा वयाचा होता; ती त्या मोठ्या मगरीचंच पिल्लू होती.

टाचणीनेच वाट काढून दिली. तिच्या प्रबंधात आणखी अकरा नमुने होते. हा वगळला तरी कोणी विचारणार नव्हतं. सरांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. पुन्हा लांबी भरून पेटी बंद करते, असं ती खाली बघत म्हणाली. सरांनी तिला दोन दिवस काही करू नकोस एवढं सांगितलं आणि ते घरी गेले. दोनाचे चार झाले.

त्या चार दिवसांत त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत राहिली. लांबी त्यांनी दादाच्याच दुकानातून आणली होती. सुट्ट्यांत सात वर्षं त्यांनी तिथे काम केलं होतं. फट अशी भरायची की गिऱ्हाइकाचं बोट फिरलं तरी कळू नये, हे दादाने शिकवलं होतं. पहिल्या मणक्याची फट त्यांनी तडा समजूनच भरली, दुसऱ्याचीही. तिसऱ्याला हात थांबला होता. तिन्हींना एकाच जागी तडा कसा जाईल? मग त्यांनी स्वतःची समजूत घातली की दगडाचा भार कमकुवत जागीच पडणार, आणि चौथा मणका पहिल्यापेक्षा घाईने उरकला. पुढे कोणी बाहेरून ते मणके बघायला आलं की सर सांगत, व्हार्निश ठिसूळ झालंय, छायाचित्रंच बघा. चूक कोणाचीही होते. सरांना लाज वाटत होती ती तिसऱ्या मणक्याची.

बायकोपासून काही लपणं शक्य नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही घाबरताय कोणाला? विद्यापीठाला की भाऊजींना?"

विद्यापीठाची भीती नव्हतीच. पाचव्या दिवशी सरांनी टाचणीला बोलावून सांगितलं की नमुना वगळायचा नाही. चारही रेघांची चित्रं काढ, निबंध तुझ्या नावावर लिही, आणि जुनं नाव रद्द झालं हे पहिल्याच परिच्छेदात घाल. टाचणी रडवेली झाली. रडायचं असेल तर सूक्ष्मदर्शकापासून लांब रड, म्हणाले सर, आणि छत्री घेऊन निघाले.

दादाचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. बहात्तरीतही तो रोज सकाळी कामाला लागे. दाराच्या एका फळीला रंधा मारत होता, पायाशी भुशाचा ढीग होता. सर उभ्या उभ्याच बोलले. फटी, लांबी, पिल्लू, नाव जाणार, सगळं सांगितलं. नजर मात्र भिंतीवरच्या चौकटीकडे जाणार नाही याची काळजी घेतली.

दादाने रंधा खाली ठेवला. "म्हणजे माझ्या नावाचं जनावर नाही."

"नाही, दादा."

"चारही मणक्यांना एकाच जागी फट होती?" दादाने फळीच्या कडेवरून अंगठा फिरवला. "मग तो तडा नसतो, बारक्या, सांधा असतो. माझ्याकडे कालपरवा लागलेला पोरगाही सांगेल. तू सात वर्षं इथे घासलीस. तुला कळलं नाही?"

"नाही कळलं," सर म्हणाले.

दादाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि फळी उलटी केली. तेवढ्यात टेबलाचा एक निखळलेला खण काखोटीला मारून शेजारच्या शिंपीणबाई आत आल्या. त्यांना खण आजच हवा होता. दादा तो उलटसुलट करून बघू लागला. बाईंनी सवयीने भिंतीकडे बोट केलं आणि विचारलं, आज मगरीची गोष्ट नाही वाटतं?

"ती मगर माझी नव्हे," दादा खणावरची नजर न काढता म्हणाला. "दुसरीचं पिल्लू निघालं. शास्त्रात असं होतं. चांगली माणसंही चुकतात. भावाच्या नजरेतून सुटलं, एवढंच."

आवाजात राग नव्हता. पंचावन्न वर्षांपूर्वी मास्तरांसमोर उभा राहून जसा तो धाकट्याची बाजू घेई, तशीच त्याने आताही घेतली होती, आणि यावेळी त्याला पक्कं माहीत होतं की धाकटा खोटं बोललाय. इथे गप्प राहिलो तर तेदेखील एक फट भरल्यासारखंच होईल, हे सरांना स्वच्छ दिसलं.

"सुटलं नव्हतं," ते म्हणाले. "तिसऱ्या मणक्यालाच मला शंका आली होती. तरी मी भरलं. मला दादाचं नाव कशाला तरी द्यायचंच होतं. आता जे सापडलं तेही मी शोधलं नाही, माझ्या विद्यार्थिनीने शोधलं."

शिंपीणबाईंना यातलं काही कळलं नाही, पण माणूस कळला असावा. त्या दाराशी सरकून उभ्या राहिल्या. दादाने खण बाकावर ठेवला. हाताचा भुसा झटकला, परत एकदा झटकला. डोळे पुसायचे होते आणि हात स्वच्छ नव्हते.

"खण उद्या न्या, बाई," तो म्हणाला. "आज माझा भाऊ आलाय."