गुठळीतला उजेड

मित्रांनो, टिळकवाडीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत पडून असलेली जुनी पिवळसर पूड म्हणजे मी. बाटलीच्या तळाशी आता चिमूटभरच उरले आहे, आणि जे सांगणार आहे ते रागानेच सांगणार आहे.

मला मनिषाने बनवलं. जांभळ्या दिव्याखाली चकाकणारा पदार्थ तयार करून परीक्षकांना दाखवायचा, हा तिचा एम.एस्सी.चा प्रकल्प. नाही चकाकला तर नापास. दोन महिने तिने मला उकळलं, गाळलं, वाळवलं.

मनिषा वडगावच्या विणकर घरची. तिचे आप्पा, मल्लाप्पा, साड्यांचं सूत रंगवतात. रंगात गुठळी राहिली की साडीला डाग, हे त्या घरातलं पोर बोलायच्या आधी शिकतं. म्हणून कोरड्या पुडीवर दिवा धरून न बघताच तिने मला उग्र वासाच्या द्रावकात पार विरघळवलं.

इथेच घोड्याने पेंड खाल्ली! माझे कण सुटे झाले की गरगर फिरतात आणि दिव्याने दिलेलं सगळं बळ त्या फिरण्यातच उडवतात. खेटून बसले, फिरायला जागा उरली नाही, की त्याच बळाचा उजेड होतो.

"आप्पा, उजळंनाच की ओ!" तिने फोनवर सांगितलं.

"गुठळी ऱ्हायली असंल. लई ढवळ," आप्पा म्हणाले.

तिने आणखी ढवळलं. मी आतल्या आत ओरडत होते, पण पुडीला तोंड कुठलं?

परीक्षेला तिने मला अगदी नितळ विरघळवून नेलं. परीक्षक दिव्याखाली वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले. "यात चकाकतंय काय?" म्हणाले आणि शेरा लिहून निघून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डोळे पुसत तिने भांडं विसळायला त्यात पाणी ओतलं. पाण्यात मी विरघळत नाही. माझे कण एकमेकांना बिलगले, पाणी दुधाळ झालं, आणि विझवायच्या राहिलेल्या दिव्याखाली मी हिरवीगार उजळले.

मनिषा जिना उतरून धावली. परीक्षकांची गाडी फाटकाबाहेर पडली होती.

"आत्ता? आत्ता व्हय गं?" परत येऊन ती माझ्यावरच ओरडली. मग आप्पांना फोन लावला. "आप्पा, गुठळीच पायजे हुती!"

पलीकडे मागांचा खडखडाट चालू होता. "मग आधी बघायचं न्हाईस व्हय?" आप्पा म्हणाले.

ऐकलंत? वर हे!

मित्रांनो, एखादी वस्तू किंवा एखादं पोर उजळेना, तर आपली जुनी रीत त्याच्यावर आणखी जोरात चालवू नका. जरा थांबा, त्याची रीत विचारा. सहा महिन्यांनी फेरपरीक्षा आहे. मी चिमूटभर उरले आहे, आणि मनिषाजवळ ती एकच संधी उरली आहे.