पट्टा थोरल्या जावेच्या हाताला

चांगुणाचं वजन ब्याऐंशी किलो आणि बीपी एकशे सत्तरच्या घरात. तिला कुणी बसून खाणारी म्हटलं असतं, तर तिची थोरली जाऊ मनकर्णाबाई त्याच्या अंगावर धावून गेली असती. घर, गोठा, भाजीचे वाफे, सगळं चांगुणाच ओढायची. पण डॉक्टरांना कामाचा घाम चालत नाही, त्यांना व्यायामाचाच लागतो.

नाशिकला दिलेली लेक अनुपमा रोज सकाळी व्हिडिओ कॉल लावून आईकडून तो करून घ्यायची. खुर्चीवरून वीसदा ऊठ-बस, मग जागच्या जागी पंधरा मिनिटं चालणं. चांगुणा धापा टाकत, हसत करायची. मग थोडं बसून हाताला पट्टा बांधायचा आणि मशीनचा आकडा मोबाइलसमोर धरायचा. अनुपमा तो वहीत लिहून घ्यायची.

पुढे अनुपमाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. चांगुणा हरखून गेली. पण अनुपमाची सासू फोनवर सहज बोलून गेली, "विहीणबाई, तुमचं बीपी असंच राहिलं तर इकडेच करू. आजारी माणसाच्या घरी बाळंतिणीला कसं पाठवायचं?"

चांगुणाचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी तिने पट्टा मनकर्णाबाईंपुढे धरला. "बाई, तुमचा हात द्या. पोरगी एकदा घरी येऊ द्या, मंग खरं सांगीन तिले."

मनकर्णाबाई अंगाने काडी, बीपी एकशे वीस. हे बरं नव्हे, हे त्यांना कळत होतं. पण जावेच्या डोळ्यांतलं पाणी बघून त्यांनी हात पुढे केला. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो कारभार दोन महिने चालला.

एका सकाळी खुर्चीवरून उठता उठता चांगुणा कोसळली. डोक्यातली नस फुटली होती. मेहकरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

सातव्या महिन्याचं पोट घेऊन अनुपमा माहेरी डोणगावला आली. तेरावं झालं, पाहुणे पांगले, तरी ती वही मांडीवर घेऊन बसलेली.

"मोठी माय, आकडे तं चांगले होते ना व? म्हणून तं म्या डॉक्टरले वही दाखवली. त्यायनं बीपीची गोळी अर्धी केली. माह्यामुळंच गेली आई."

गोळी अर्धी झाल्याचं चांगुणा मनकर्णाबाईंना बोललीच नव्हती. बोलली असती तर त्यांनी तो पट्टा फेकून दिला असता. आता गप्प बसलं तरी कुणाला कळणार नव्हतं. पण पोरगी स्वतःला खात होती, ते त्यांना बघवेना.

"तुह्यी चूक नाही, माय. ते आकडे माह्या हाताचे होते." मग त्यांनी सगळं सांगितलं, सासूच्या फोनसकट. "तुह्यं बाळंतपण इथंच व्हावं म्हणून केलं व तिनं."

अनुपमाने मांडीवरची वही मिटली.

"मले उद्या नाशिकले जाऊ दे," ती म्हणाली. "माहं बाळंतपण तिकडंच होऊ दे."

मी करते सगळं, थांब, असं मनकर्णाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्या उठल्या आणि तिचे कपडे बॅगेत भरू लागल्या.