थॉर्नसाइकांचा ओहळ

थॉर्नसाइक आडनावाची दोनच माणसं उरली होती. ऐंशीला टेकलेला अँब्रोज आणि त्याची थोरली बहीण नेटी. त्याला मूलबाळ नाही, तिचं लग्नच झालं नव्हतं.

"चार पोरं होऊ द्यायची होतीस," नेटी टोचायची.

"मग तू काय केलंस गं?"

"मी कशाला? माझ्या पोरांना बापाचं नाव लागलं असतं!"

थॉर्न म्हणजे काटेरी झाड आणि यॉर्कशरच्या त्या डोंगराळ बोलीत साइक म्हणजे बारकासा ओहळ. वडील दोघांना लहानपणी त्याच नावाच्या ओहळावर न्यायचे, ओंजळभर पाणी पाजायचे आणि म्हणायचे, "आपण इथले."

यंदा नेटीच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिने एवढंच मागितलं, "मला ओहळावर ने."

तिची नजर जाऊन वर्षं झाली होती. अँब्रोजने तिला गाडीत बसवलं, वर पोचल्यावर चाकाच्या खुर्चीत घातलं आणि वाटेच्या वळणापर्यंत ढकलत नेलं. पुढे तारेचं कुंपण होतं. पलीकडे अर्धा डोंगर कापून काढलेला, खाली दगडाची खाण. झाडं नव्हती. पाणीही नव्हतं.

खुर्ची वळणावरच ठेवून अँब्रोज एकटाच खाणीच्या फाटकाकडे गेला. तिथला माणूस अदबीने म्हणाला, "आजोबा, आत नाही जाता येणार."

"इथे ओहळ होता."

"असेल हो. मी आलो तेव्हापासून तर हे असंच आहे."

"आमचं नाव आहे ते," अँब्रोज म्हणाला. त्या माणसाला काहीच कळेना. अँब्रोज खुर्चीपाशी परतला.

"का थांबलास?" नेटीने विचारलं. "आलो का?"

"आलो."

"मग आवाज कसा नाही?"

"उन्हाळा आहे ना. पाणी आटलंय."

"उन्हाळ्यातही वाजायचं ते." ती जरा वेळ कान देऊन बसली. मग हलकेच म्हणाली, "अँब्रोज, तुला खोटं बोलता येत नाही रे. कधीच आलं नाही."

त्याने खुर्ची वळवली.

परतीच्या अरुंद रस्त्यावर नेटी रडायला लागली. आईच्या मातीलासुद्धा ती रडली नव्हती. गाडी थांबवावी, तिला जवळ घ्यावं, असं त्याला फार वाटलं. पण दोन्ही बाजूंना दगडी बांध होते आणि मागे खडीने भरलेला ट्रक हॉर्न देत होता. तो गाडी चालवत राहिला.