लाल चिंधी आणि हिरवी काच

दुसऱ्यांदा चष्मा घ्यायला गेलो तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते रडण्याचं नव्हतं. उन्हाचं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या टोल्यातल्या, म्हणजे छोट्या वस्तीतल्या, बायका कशाचाही अर्थ लावतात. माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा, डोमा, जाऊन दीड महिना झाला होता आणि मी एकदाही रडलो नव्हतो. त्याचाही अर्थ त्यांनी लावलाच होता.

डोमा आणि मी एकाच ठेकेदाराचे ड्रायव्हर. आल्लापल्लीच्या जंगलातला साग ट्रकमध्ये भरायचा आणि चांद्याला नेऊन टाकायचा, हा आमचा धंदा. माल भरता भरता दुपार होते, आणि पुढचा सगळा रस्ता मावळतीकडे. बाहेरगावच्या लोकांना वाटतं, जंगल म्हणजे सावली. त्यांना एकदा चैतात माझ्या शेजारी बसवायला पाहिजे. सागाला तेव्हा पान राहत नाही. नुसते वाळले खांब उभे असतात, खाली पांढरी धूळ, आणि समोर सूर्य थेट कपाळावर.

चांद्याच्या बाजारात एक घड्याळवाला चष्मेही विकायचा. मी त्याच्या दुकानासमोर ट्रक लावला आणि आत गेलो. त्याने मला ओळखलं.

"इस्तारीभाऊ, मागच्या वेळी नेला तोच देऊ का? हिरवा?"

मागच्या वेळी म्हणजे होळीच्या आधी. तो चष्मा डोमासाठी होता आणि निवडलेला मी. संध्याकाळपर्यंत डोमाचे डोळे गुंजेसारखे लाल व्हायचे. मैनाबाईने, म्हणजे माझ्या बहिणीने, मला सांगितलं होतं, "इस्तारी, तू चांद्याले जातच राह्यते ना? यायच्यासाठी चांगला पाहून चष्मा आन. हे काही स्वतःहून घेत नाई." डोमाच्या मते चष्मा हे मास्तरांचं आणि कारकुनांचं काम होतं.

तेव्हा दुकानदाराने तीन रंग पुढे ठेवले होते. काळपट, पिवळा, हिरवा. काळपट डोळ्यांवर लावून आरशात पाहिलं तर मी यात्रेतल्या आंधळ्या भिकाऱ्यासारखा दिसलो. पिवळ्यातून सगळ्या बाजाराला कावीळ झालेली दिसली. हिरवा लावला आणि डोळ्यांना गार वाटलं. मोतीबिंदू काढल्यावर दवाखान्यात डोळ्यांवर हिरवं फडकं बांधतात, ते मी पाहिलं होतं. डॉक्टर बांधतात ते काही उगीच नाही, असं मीच त्या दुकानदाराला सांगितलं. मला माझ्या अकलेचा अभिमान वाटला होता.

डोमालाही तो फार आवडला. लावला आणि समोरच्या वाळल्या जंगलाकडे पाहून ओरडला, "अबे, फागुनात पानं फुटली!" लाकडाच्या डेपोवरचे लोक त्याला चिडवायचे, सावन के अंधे को हरा ही हरा. तो हसायचा आणि चष्मा काढायचा नाही. जेवतानाही नाही.

मग ती दुपार. त्याचा ट्रक पुढे, माझा मागे. त्याच्याही पुढे एक तिसराच ट्रक चाक फुटून रस्त्यावर उभा होता. आमच्याकडे लांब लाकडं ट्रकच्या मागून बाहेर येतात, कधी आठ आठ हात. म्हणून शेवटच्या टोकाला लाल चिंधी बांधतात. डेपोवरच्या सगळ्या ट्रकना चिंध्या मैनाबाईच पुरवायची, जुनी लाल लुगडी फाडून. उभ्या ट्रकच्या लाकडालाही तिचीच चिंधी होती. मला ती मागच्या वळणावरून, धुळीतूनही दिसली. डोमाने ब्रेक मारला, पण उशिरा. त्याने ट्रकच्या हिशेबाने ब्रेक मारला आणि लाकूड ट्रकच्या आठ हात अलीकडे होतं. ते काच फोडून आत गेलं.

मीच त्याला खाली काढला. चष्मा पायाजवळ पडला होता, साधा ओरखडाही नव्हता त्याला. मी तो पुसला, खिशात ठेवला आणि घरी आल्यावर मैनाबाईच्या हाती दिला. एवढंच मला नीट आठवतं. नंतर माती दिली, तेरवी झाली, मी दोन वेळ जेवत होतो, ट्रक चालवत होतो. आत काहीच हलत नव्हतं. पायाला मुंग्या येऊन तो आपला वाटेनासा होतो ना, तसा मी सगळाच झालो होतो.

ठेकेदाराच्या मुकादमाने लिहून दिलं, ड्रायव्हर पिऊन होता. डोमा बाजाराच्या दिवशी मोहाची घ्यायचा, ते सगळ्यांना माहीत. त्या दिवशी त्याने घेतली नव्हती, मी त्याच्या मांडीला मांडी लावून भाकर खाल्ली होती. मी तसं सांगितलं. पण मेलेल्याच्या साळ्याचं कोण ऐकतं? आणि जो तो एकच विचारायचा, "मंग त्याले चिंधी काऊन नाई दिसली?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोरच सापडत नव्हता.

शेजारची गुणाबाई तर पाणी भरताना मैनाबाईला ऐकू जाईल असं बोलायची. मैनाबाईने एकदाच मला विचारलं, तेच, चिंधीचं. मी उठून ट्रक धुवायला गेलो. त्या दिवसापासून तिने नवऱ्याचं नाव घेणं सोडलं. तिलाही खरं वाटलं होतं. नवरा मेला त्यापेक्षा तो असा मेला, याने ती जास्त खचली होती.

तर असा मी त्या दुकानात उभा. "हिरवा देऊ का?" असं विचारून दुकानदाराने तो माझ्या हातात ठेवलाही. मी डोळ्यांवर चढवला आणि पारखावा म्हणून बाहेर पाहिलं.

समोर माझा ट्रक होता. लाकडं मागून बाहेर आलेली. सगळ्यात लांब लाकडाच्या टोकाला काहीच नव्हतं.

चिंधी वाटेत सुटून पडली असं समजून मी चष्मा कपाळावर सरकवला. चिंधी होती. लालभडक, वाऱ्यावर हलत होती. चष्मा खाली केला. चिंधी काळी झाली आणि सालीत मिसळून गेली. वर केला, लाल. खाली केला, नाही. असं मी किती वेळा केलं कोण जाणे. दुकानदार म्हणाला, "भाऊ, काच ढिली आहे का?"

मला उत्तर मिळालं होतं. मला वाटलं आता तरी रडू येईल. नाही आलं. मी बाहेर जाऊन चिंधी सोडली, दुकानाच्या दाराच्या कडीला बांधली आणि त्याच्याकडचे सगळे चष्मे एकामागून एक लावून पाहिले. गिऱ्हाईक अडतं म्हणून तो कुरकुरला. मी म्हटलं, अडू दे. हिरवे तीन होते, तिन्ही सारखेच. काळपट काचेतून सगळं मळकं झालं, पण लाल ते लालच राहिलं. तोच भिकाऱ्यासारखा दिसणारा चष्मा मी घेतला. होळीच्या आधी हाच घेतला असता तर, हा विचार मी पुढे नेला नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर माझ्याजवळ दोन रस्ते होते. गप्प बसलो तर डोमा दारुड्या ठरतो. बोललो तर त्याला मारणारा मी ठरतो, तोही माझ्या बहिणीच्या तोंडावर. मी शूर वगैरे नाही. रिकामा ट्रक डेपोवर लावला तेव्हाही काही ठरलं नव्हतं. पण पाय तिच्याच घराकडे गेले.

मैनाबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मी म्हटलं, "बाई, भाऊजीचा चष्मा दे."

"आता तू वापरतं का तो? घेऊन जाय. चांगला आहे. पडून पडून खराब होईन."

पेटीतून काढून तिने तो माझ्या हातात दिला. मी तो तिच्याच डोळ्यांवर लावला. ती चिडली, "हे काय करून राह्यला बाप्पा?" मी वीस पावलं मागे गेलो, पळसाच्या काळ्या बुंध्याला पाठ लावून उभा राहिलो आणि खिशातली चिंधी बुंध्यावर धरली.

"काय दिसते?"

"तू दिसतं. हात दिसते."

"हातात?"

"काही नाई."

"आता चष्मा काढ."

तिने काढला. पुन्हा लावला, पुन्हा काढला. चिंधी तिच्याच लुगड्याची होती, काठ तिने तिथूनही ओळखला असणार.

"मंग ते पिऊन नोहते," ती म्हणाली.

"नोहते. त्याइले दिसलीच नाई. अन् बाई, हिरवा म्या निवडला. काळा होता दुकानात. म्याच नाई घेतला."

हे वाक्य मी रस्ताभर घोळवत आलो होतो. तोंडातून निघालं तेव्हा दुसऱ्याच कुणाचं वाटलं. मी वाट पाहिली. तिने मारावं, शिव्या द्याव्या, घराची पायरी बंद करावी, काहीतरी व्हावं.

तिने पदर खोचला आणि म्हणाली, "चाल."

ती आधी गुणाबाईच्या दारात गेली. तिला बाहेर बोलावलं, आणि चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला. "इस्तारी, तिकडे जाय. त्या खांबापाशी." मी गेलो. काळ्या लाकडी खांबावर चिंधी धरली. गुणाबाईला दिसली नाही. चष्मा काढल्यावर दिसली. तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं, आणि गुणाबाईचं तोंड काही न बोलता उघडं राहिलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

मग तिने विचारलं, "अवो, असा कसा चष्मा? कोनं आनला हा?"

"म्या मागवला," मैनाबाई म्हणाली.

दुसऱ्या घरी मुखरू, लिहून देणारा तोच मुकादम. त्याला खाटेवरून उठवून अंगणात उभं केलं. त्याने चष्मा तीनदा लावला, तीनदा काढला आणि मान खाली घातली. मग त्यानेही तेच विचारलं. "म्या मागवला," ती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. माझा हात दुखायला लागला होता. मी त्याच्या अंगणातल्या खांबापाशी उभा राहून ऐकत होतो आणि आत काहीतरी हलायला लागलं होतं, मुंग्या आलेल्या पायात परत रक्त उतरताना दुखतं तसं.

तिसऱ्या दारात तिने कुणी विचारायच्या आधीच सांगायला सुरुवात केली, "चष्मा म्या..."

"निवड माही होती!" मी वीस पावलांवरून ओरडलो. आवाज फाटला. डोळ्यांतून पाणी आलं, आणि तेव्हा ऊन कधीच उतरलं होतं.

दारातले लोक माझ्याकडे पाहू लागले. मैनाबाई वळली नाही. घरातल्या म्हाताऱ्याच्या कानामागे तिने चष्म्याच्या काड्या नीट बसवल्या.

"इस्तारी," ती म्हणाली, "चिंधी वर धर. त्याइले पाहू दे."