टेलरताईची भिंत आणि मी

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. लाकडी, दोन खणांचा, कच्च्या विटा पाडायचा. दिसायला बेताचाच, पण माझ्या पोटातून किती घरं बाहेर पडली हे ऐकलंत तर तोंडात बोटं घालाल!

एका सुताराने मला दाराच्या जुन्या चौकटीतून घडवलं आणि गावाबाहेरच्या या प्रशिक्षण केंद्रात आणून दिलं. इथे माती, भुसा, बांबू आणि चुना वापरून घरं बांधायला शिकवतात. चिखल तुडवायचा, माझ्यात दाबून भरायचा, वरून हात फिरवायचा आणि मला अलगद उचलायचं. खाली दोन विटा, जुळ्या बहिणींसारख्या. मग केंद्रात एक लोखंडी यंत्र आलं. त्याचा दिमाख मोठा, पण दर आठवड्याला काहीतरी बिघडलेलंच. मी कुणाची निंदा करत नाही, आपलं सांगितलं. तरी त्याच्या नवलाईत मी दोन वर्षं फावड्यांमागे धूळ खात पडलो होतो. तिथून मला बाहेर काढलं ते टेलरताईने.

टेलरताई इथे शिकायला यायची. राहायची भावाकडे. तिचं शिलाई मशीन स्वयंपाकघराच्या दारातच मांडलेलं, त्यामुळे कुणालाही आत जायचं झालं की हिने उठायचं. भावाच्या घरामागे थोडी जागा पडून होती. तिथे तिला स्वतःची एक खोली हवी होती, बस्स. भाऊ मनाने वाईट नव्हता, पण मातीचं नाव काढलं की हसायचा.

"अगं, एका पावसात तुझा महाल वाहून जाईल आणि लोक मला नावं ठेवतील," तो म्हणाला. "आधी केंद्रात एक भिंत उभी करून दाखव. मी स्वतः येऊन पाणी ओततो. टिकली, तर जागा तुझी."

मग काय, बाई कंबर कसून कामाला लागली! तिने मला शोधलं, घासूनपुसून लख्ख केलं आणि ती मशीनला रोज घालायची तसं मलाही तेल चोळलं. भरपूर. खरं सांगतो, मी फुशारून गेलो. इतके लाड कुणी केले नव्हते. विटा अशा गुळगुळीत सुटू लागल्या की बाकीचे शिकणारे बघतच राहिले. मला काही कळत होतं का? छे! मी आपला मिरवत होतो.

भिंत छातीएवढी झाली. गिलावा झाला. भाऊ यायला दहा दिवस उरले होते आणि एका सकाळी बघतो तो काय, अर्धा गिलावा सुटून जमिनीवर!

टेलरताईने गिलाव्याचा एक तुकडा उचलून पाहिला. "गेली माझी खोली," एवढंच म्हणाली.

केंद्रात शिकवणारे गवंडीकाका आले. त्यांनी उघड्या विटेवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"ताई, साच्याला काय लावलंत?"

"तेल. लाकूड चिरू नये म्हणून. मशीनला मी..."

"अहो, याला पाणी पाजायचं असतं! तेल विटेला लागलं, आता गिलावा धरणार कुठे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका म्हणाले, भावाला महिनाभर उशिरा बोलावू. पण ताई ऐकेना. तिने छिन्नी-हातोडी घेतली आणि विटांची तेलकट तोंडं खरवडून भिंतभर टाचे मारले, म्हणजे बारीक खाचा पाडल्या. दोन दिवस हेच चाललं होतं. बोटं सोलून निघाली. मग पातळ गिलावा दोन थरांत दिला, वर चुन्याचा हात.

भाऊ आला. साक्षीला शेजाऱ्यालाही घेऊन आला. एक बादली ओतली, दुसरी ओतली. ताई त्याच्याकडे बघतच नव्हती, तिचे डोळे भिंतीवर. पाचव्या बादलीनंतर त्याने खांदा लावून ढकलून पाहिलं. भिंत ढिम्म!

"आधी गिलावा पडला होता म्हणे?" त्याने विचारलं.

"हो. माझ्या चुकीनं पडला."

"आणि तू परत केलास?"

"मग काय रडत बसू?"

भावाने रिकामी बादली उचलली आणि म्हणाला, "अगं, मग इथे उभी काय राहिलीस? चल घरी, पाया आखू."

त्या खोलीच्या नऊशे विटा माझ्या, मित्रांनो! एकही यंत्राची नाही. आता टेलरताई इथे शिकवते. नवी मंडळी आली की ती पहिल्याच तासाला मला उंच धरते आणि स्वतःची फजिती सांगते. लोक पोट धरून हसतात आणि मग न घाबरता चिखलात हात घालतात. अशा वेळी माझा ऊर भरून येतो.

म्हणून एक विनंती. आम्हा जुन्या वस्तूंना अडगळीत टाकू नका, जपा. पण आम्हाला काय लागतं ते जाणत्याला विचारून जपा. आणि चुकलात तर आमच्या ताईसारखं उजळ माथ्याने सांगा, "हो, माझ्या चुकीनं पडला," आणि परत कामाला लागा.