शून्य बघून चढा

मी तासगावच्या एका बेदाणा शेडमधला वजनकाटा बोलतोय. आवाज जरा करडा वाटेल; चौदा वर्षं वजनं सांगतोय, गोड बोलायची सवय कुठून लागणार? खोटं मात्र मी बोलत नाही. निदान आपणहून नाही.

माझे मालक बिराप्पा. मूळ आटपाडीकडचे, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातले. शेतकऱ्याचा माल आला की ते आधी रिकामं क्रेट माझ्यावर ठेवतात, शून्याचं बटण दाबतात आणि मगच भरलेलं क्रेट चढवतात. क्रेटचे दोन किलो आपोआप वगळले जातात. "काट्यात खोट आली तर त्याच दिशी शेडला कुलूप," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऐकून ऐकून माझे कान किटले.

त्यांची लेक सोनिया सायकल शर्यतीत उतरते. साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटात पहिली आली आणि तिथून परदेशातल्या संघापर्यंत गेली. बेदाणा निवडणाऱ्या शालूबाईंना पटेचना. "आवं, नुसती सायकल हाणायचा पगार देत्यात व्हय?" तीन वर्षं पगार मिळाला. मग एका उतारावर ती पडली, खांद्याचं हाड मोडलं आणि संघानं करार वाढवला नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी पोर घरी आली.

तिनं माझ्याशेजारीच सायकल स्टँडवर चढवली. मागचं चाक काढून सायकल यंत्रात अडकवायची, समोर पडदा, पडद्यावर घाट. जगभरच्या बायका आपापल्या घरात बसून एकाच शर्यतीत पळतात. घाम खरा, दमही खरा. पडद्यावरचा घाट किती जड जाणार, ते मात्र वजनावर ठरतं. म्हणून शर्यतीआधी काट्यावर उभं राहून आयोजकांना व्हिडिओ पाठवावा लागतो. इथं माझी गरज पडली.

गेल्या हिवाळ्यात एक मोठी शर्यत होती. पहिल्या तिघींना एका संघाचा वर्षाचा करार मिळणार होता. सोनियाची ही शेवटची संधी होती आणि हे शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

दुपारी ती व्हिडिओ काढायला आली. माझ्यावर रिकामं क्रेट होतंच. बिराप्पांनी हाताच्या सवयीनं बटण दाबलं. सोनियानं माझ्या तोंडावरचं शून्य फोनला दाखवलं, मग फोन आपल्या पायांकडे वळवला. तेवढ्यात बिराप्पांनी क्रेट उचललं. माझ्या तोंडावर उणे दोन आलं, पण बघतंय कोण? ती चढली. बावन्न. मी आतल्या आत तडफडलो. नंतर लाईटवर भार नको म्हणून त्यांनी मला बंदच करून टाकलं.

सोनिया दुसरी आली! शालूबाईंनी बेदाण्याची मूठ तिच्या तोंडात कोंबली. बिराप्पा डोळे पुसत होते.

शर्यतीनंतर घाम किती गेला ते बघायला ती पुन्हा वजन करते. मला नव्यानं चालू केलं, मघाचं क्रेट विसरून खरं शून्य आलं, ती चढली. त्रेपन्न किलो दोनशे ग्रॅम.

"आबा, तासभर घाम गाळून वजन वाढतंय व्हय?"

बिराप्पांची नजर कोपऱ्यातल्या क्रेटवर गेली आणि त्यांचा चेहरा उतरला. "माझ्याच हातनं झालं गं. पण दोन किलोनं काय हुतंय? कुणाला कळतंय?"

"घाटात लय हुतंय, आबा. आन् काट्यात खोट आली तर शेडला कुलूप, हे कोण म्हणतं?"

त्यांनी तिचा फोन उचलून तिच्या हातात दिला. म्हणाले, "लिव्ह. माझी चूक म्हणून लिव्ह."

"काट्यावर मी उभी हुते," ती म्हणाली आणि तसंच लिहून पाठवलं. निकालातून तिचं नाव गेलं. करार चौथ्या आलेल्या मुलीला मिळाला. त्या आठवड्यात बिराप्पांना जेवण गेलं नाही. मला भंगारात घालायला निघाले होते. सोनियानं अडवलं. "काट्याचा काय दोष? त्यो दाखवत हुता, आपुनच बघितलं न्हाई."

तेवढ्या बोलण्यावर मी आणखी चौदा वर्षं काढीन.

आज चार वाजता पुन्हा तशीच शर्यत आहे. बिराप्पा दोन्ही हात पाठीमागं बांधून लांब उभे आहेत, बटणाच्या वाटेलाच जात नाहीत.

"शून्य हाय का?"

"हाय, आबा."

ती चढली. चोपन्न किलो शंभर ग्रॅम.

"जास्त हाय का गं?"

"जरा जास्तच हाय. पण माझंच हाय."

बाबांनो, तुम्हीही कधी माझ्यासारख्यावर चढाल. तेव्हा आधी आमच्या तोंडाकडे बघत जा. आम्हाला ओरडता येत नाही.