न पुसलेला तक्ता

मित्रांनो, कडेगावजवळ उसाच्या पट्ट्यात एक पंपघर आहे. त्याच्या भिंतीवर टांगलेली, कोपरे गंजलेली पेटी म्हणजे मी. मोटार सुरू करणे आणि बंद करणे हे माझे काम. माझा जन्म साताऱ्याच्या एका कारखान्यातला. बटण दाबल्याशिवाय मोटार सुरू करायची नाही, हे मला तिथेच शिकवले होते.

पहिली दोन वर्षे माझे कौतुक झाले. पुढे मात्र वीज वरचेवर जाऊ-येऊ लागली आणि मी अधूनमधून आपोआप मोटार सुरू करू लागले. का, ते माझे मलाच कळेना!

एके दिवशी वीज गेली, मोटार थांबली. पंप सांभाळणारे केरबा म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. मोटार आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगमध्ये अडकलेली चिंधी ते ओढू लागले. दहा सेकंदांत वीज आली आणि मी मोटार सुरू केली. केरबांनी हात मागे खेचला, तरी दोन नखे उपटली गेली.

पाणी संस्थेचे अध्यक्ष नानासो म्हणाले, "केरबा, तुजाच धक्का लागला असंल बटणाला."

"आवं, बटण तितं, मी हितं! माजा हात काय रबराचा हाय?"

मला तीनदा साताऱ्याला नेले. प्रत्येक वेळी रात्रभर बंद ठेवून सकाळी तपासले आणि 'बिघाड नाही' अशी चिठ्ठी चिकटवून परत पाठवले. काय हा वैताग! इकडे येणारा-जाणारा मला थापट्या मारून शहाणपण शिकवत होता.

शेवटी कारखान्याने अंकिता नावाची इंजिनिअर पाठवली. तिने आधी केरबांनाच विचारले, "मामा, हे नेमकं कधी होतं?"

"लाईट तासभर गेली तर कायबी हुत न्हाई. जराशी जाऊन लगीच आली, की ही बया चालू! कवाधरनं सांगतोय, ऐकतंय कोण?"

अंकिता लॅपटॉप घेऊन तिथेच बसली. दुपारी तिने कपाळावर हात मारला. "मामा, कर्नलची चूक आहे!"

केरबा ताठ उभे राहिले. "कंच्या कर्नलसायबाची?"

"साहेब नाही हो! पेटीतला मूळ प्रोग्राम. तो सुरू होताना मोटारीच्या नोंदीसाठी मेमरीत एक तक्ता घेतो, पण आधी पुसतच नाही. वीज लगेच आली, की जुनं 'चालू' तसंच असतं. पेटी तेच खरं मानते."

"आन् लाईट लय येळ गेली तर?"

"मग जुनं आपोआप पुसलं जातं. म्हणून तर साताऱ्यात काही सापडलं नाही."

तिने चार ओळी लिहिल्या. आता तक्ता घेताच आधी प्रत्येक रकान्यात 'बंद' भरले जाते. मग केरबांनी स्वतः वीस वेळा वीज घालवली आणि लगेच आणली. मी एकदाही आपोआप मोटार सुरू केली नाही. नानासो केरबांच्या बोटांकडे पाहत म्हणाले, "चुकलं माजं, गड्या."

मित्रांनो, कुणालाही दोष देण्याआधी यंत्राजवळ रोज बसणाऱ्या माणसाला विचारा. आणि हो, मी सुधारले असले तरी कपलिंगला हात लावण्याआधी केरबा आता फ्यूज काढून खिशात ठेवतात. मला त्याचा मुळीच राग येत नाही. तुम्हीही तसेच करा.